पेटीसोबत गेलेला पाना

आपल्याला एक खोड आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. घरातला नळ गळू लागला की आपण गल्लीतल्या नळवाल्याकडे ढुंकूनही पाहत नाही. लांबचा कुणीतरी नावाजलेला माणूस येणार असतो, त्याची वाट बघत आपण नळाखाली बादली लावून बसतो. नळाचं ठीक आहे, फार तर पाणी वाया जातं. पण हीच खोड आपण इस्पितळातही घेऊन जातो, आणि तिथे बादली लावून भागत नाही.

एका सरकारी इस्पितळात दर वर्षी पाच दिवस मणक्याच्या मोफत शस्त्रक्रियांचं शिबिर भरायचं. मोठ्या शहरातून एक निष्णात डॉक्टर स्वतःची रजा खर्ची घालून यायचे. त्यांना तिथे सगळे ‘मोठे सर’ म्हणत. त्यांच्याबरोबर एक हिरवी लोखंडी पेटी असायची. ती उचलायला दोन माणसं लागायची. पाठीत बसवायचे स्क्रू, त्यांना जोडणाऱ्या सळया, आणि ते सगळं बसवण्याची आणि काढण्याची हत्यारं त्या पेटीत असायची. शिबिर संपलं की सरांबरोबर पेटीही परत जायची. सहा वर्षं हा शिरस्ता चालला होता आणि त्यात काही खटकण्यासारखं आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

इस्पितळात हाडांचे एक डॉक्टर कायमचे होते. त्यांना ‘धाकटे डॉक्टर’ म्हणायचे. धाकटे म्हणजे तेही चाळिशीला टेकलेले, कानाजवळ केस पांढरे झालेले. पण मोठे सर आहेत म्हटल्यावर यांना धाकटं होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मोडलेले हातपाय ते उत्तम जोडायचे. पाठीचं दुखणं घेऊन कुणी आलं, की मात्र ठरलेला प्रश्न यायचा, “मोठे सर कधी येणार आहेत?” धाकटे डॉक्टर तारीख सांगायचे आणि लोक घरी जाऊन वाट बघायचे.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या भिंतीवर एक फळा होता. शिबिरात किती शस्त्रक्रिया झाल्या तो आकडा त्यावर खडूने लिहिला जायचा. मागच्या वर्षीचा ‘एकतीस’ अजून तसाच होता. सफाईवाल्या मावशीसुद्धा फळा पुसताना तेवढी जागा सोडून पुसायच्या.

मोठे सर वाईट माणूस नव्हते, हे आत्ताच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं कराल आणि स्वतः नामानिराळे राहाल. शिबिरात ते सकाळी साताला उभे राहायचे ते संध्याकाळी पाय सुजले तरी बसायचे नाहीत. कुणाकडून साधी फुलांची कुंडीसुद्धा घ्यायचे नाहीत. त्यांना फक्त तो आकडा आवडायचा. मागच्या वर्षीपेक्षा या वर्षी दोन तरी जास्त, एवढाच त्यांचा हट्ट होता, आणि अशा चांगल्या हट्टाला नावं कोण ठेवणार?

सातव्या वर्षी ते आले त्याच सकाळी यादी करायला बसले. बाहेर नव्वद माणसं बाकांवर, जिन्यात, भिंतीला टेकून बसलेली. सर एक्स-रे उजेडावर धरायचे, दोन प्रश्न विचारायचे, आणि थिएटरच्या मुख्य सिस्टर, ज्यांना सगळे अक्का म्हणत, त्या नाव लिहून घ्यायच्या. धाकटे डॉक्टर बाजूला उभे राहून एक्स-रे पाकिटात घालत होते.

चौदाव्या नंबरला एक बाई आपल्या मुलीला घेऊन आत आली. बाई शाळेचे गणवेश शिवायची. ओढणीच्या टोकाला दोन सुया खोचलेल्या. मुलगी चौदाची असेल. तिला घरी टिटवी म्हणायचे, कारण ती जागी असेपर्यंत तिचं तोंड बंद नसायचं. आज ती गप्प होती.

“ओळखलंत का हिला?” आईने विचारलं.

“हो, हो,” सर म्हणाले. आपण सगळेच लग्नकार्यात म्हणतो तसलं ते हो होतं.

आईने मुलीला पाठमोरं केलं आणि सैल झगा मानेपर्यंत वर घेतला. तेव्हा मात्र सरांनी खरंच ओळखलं. उजव्या खांद्याजवळ तीळ, आणि त्याच्या शेजारून सरळ खाली गेलेला लांब व्रण. ही पाठ त्यांनी अकरा सभागृहांत मोठ्या पडद्यावर दाखवली होती. आधीची वाकडी पाठ डावीकडे, नंतरची ताठ पाठ उजवीकडे. त्या फोटोत चेहरा नव्हता. पाठ त्यांना तोंडपाठ होती आणि चेहरा आज पहिल्यांदा पाहिल्यासारखा वाटत होता.

व्रणाच्या खालच्या टोकाला कातडीखाली काहीतरी टोचून वर आलं होतं. तेवढी जागा लाल, ताणलेली, चकाकणारी. सळईचं टोक होतं ते.

“चालून दाखव,” सर म्हणाले.

टिटवी दारापर्यंत जाऊन आली. डाव्या पायाची टाच आधी टेकतच नव्हती. पाऊल सैल पडल्यासारखं फरशीवर आपटायचं. फट्ट. मग उजवं पाऊल. मग परत फट्ट. खोलीत दुसरा आवाज नव्हता.

“कधीपासून हे?”

“शिबिरानंतर तिसऱ्या महिन्यात सळई सरकली. पाऊल त्यानंतर,” धाकटे डॉक्टर म्हणाले.

“नऊ महिने झाले! आणि मला कळवता आलं नाही तुला?” सर सगळ्यांसमोर कडाडले.

धाकट्या डॉक्टरांनी हातातला एक्स-रे पाकिटात सारला. तो आत जायला जरा वेळ लागला.

“कळवलं होतं, सर,” ते हळू आवाजात म्हणाले.

अक्कांनी मुलीचा केस पेपर सरांपुढे सरकवला.

केस पेपरवर धाकट्या डॉक्टरांचं बारीक, सरळ अक्षर होतं. प्रत्येक महिन्याची एक नोंद. सर वाचू लागले.

‘सळई धरून ठेवणारं सर्वांत खालच्या स्क्रूचं टोपण ढिलं झालं आहे. सळई सरकली आहे. पाऊल व्यवस्थित. उघडून घट्ट करणं आवश्यक. या स्क्रूला लागणारा पाना उपलब्ध नाही, पेटीसोबत गेला आहे. मोठ्या सरांशी फोनवर बोललो. सल्ला : पट्टा, आराम, पुढच्या शिबिरात पाहू.’

‘स्क्रू हलू लागला आहे. डाव्या पावलाची ताकद किंचित कमी. पाना पाठवावा म्हणून सरांच्या कार्यालयाला पत्र. स्क्रू जुन्या पद्धतीचे असल्याने बाजारात पाना मिळत नाही.’

‘मोठ्या इस्पितळात पाठवलं. त्यांनी परत पाठवलं. ज्यांनी बसवलं त्यांच्याकडेच जा, असं सांगितलं.’

‘पावलाची ताकद निम्मी. सरांच्या कार्यालयाला दुसरं पत्र.’

त्यानंतर प्रत्येक महिन्याला तेच दोन शब्द होते. ‘वाट पाहणे.’ पाच वेळा.

सरांना तो फोन आठवला. आठवला नसता तर बरं, असं त्यांना क्षणभर वाटलं, आणि असं वाटल्याचीही लाज वाटली. ते एका सभागृहाच्या पडद्यामागे उभे होते. एक मुलगी त्यांच्या कॉलरला छोटा माइक लावत होती. फोन वाजला, धाकटे डॉक्टर काहीतरी टोपण, सळई म्हणत होते. सर म्हणाले होते, “पट्टा बांध, आराम दे, पुढच्या शिबिरात बघू. ठेवतो, लोक थांबलेत.” मग ते मंचावर गेले आणि चौथा फोटो याच पाठीचा होता. फोटो दाखवून ते म्हणाले होते, “आणि तिथल्या स्थानिक डॉक्टरांना आम्ही प्रशिक्षणही देतो.” टाळ्या पडल्या होत्या.

आणि पेटी? ती कुठल्या दुसऱ्या शिबिरातही गेली नव्हती. वर्षभर त्यांच्या घरी जिन्याखाली पडून होती. त्यांची बायको तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायची.

यादी अर्धी टाकून सर उठले. हात धुतो म्हणाले आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभे राहिले. हात काही मळले नव्हते.

दुपारी अक्का हत्यारं उकळून काढायच्या खोलीत पेटी उघडून बसल्या होत्या. एकेक हत्यार पांढऱ्या कपड्यावर मांडत होत्या. सर दारात आले. तो पाना त्यांनी लगेच ओळखला. वीतभर लांब, काळ्या मुठीचा, टोकाशी षटकोनी. एवढीशी वस्तू. टपालाने पाठवता आली असती.

“अक्का, उद्या पहिली केस हीच,” सर म्हणाले. “मी स्वतः करणार. माझ्या हाताने नीट करणार.”

“आणि परत ढिला झाला तर?”

“नाही होणार.”

“मागच्या वर्षीही तुम्ही ढिला व्हावा म्हणून बसवला नव्हता, सर.”

अक्कांची या थिएटरमध्ये एकतीस वर्षं झाली होती. त्या कुणाला टाकून बोलायच्या नाहीत, पण बोलायला लागल्या की मधे अडवायची कुणाची छाती नसायची. मागच्या वर्षी ही शेवटची केस होती, त्यांनी आठवण करून दिली. एकतिसावी. बाहेर गाडी उभी होती, पायऱ्यांवर फोटोसाठी लोक जमले होते. टाके घालायच्या आधी धाकटे डॉक्टर म्हणाले होते, ‘सर, खालचं टोपण परत एकदा बघायचं का?’ आणि सर म्हणाले होते, ‘झालंय.’

सरांना हेही आठवलं. सगळं आत कुठेतरी नीट जपून ठेवलेलं होतं, फक्त कुणी मागितलं नव्हतं. ते स्टुलावर बसले.

“त्यानं तेव्हा जोर करून का नाही सांगितलं मला?”

“कुठल्या तोंडानं सांगणार? सहा वर्षं त्यांनी काय केलं, तर जखमेच्या कडा ओढून धरायची ती आकडी धरली. एक स्क्रू कधी बसवू दिलात? तुमच्या कागदावर त्याला प्रशिक्षण म्हणतात. आम्ही त्याला धरून उभं राहणं म्हणतो.”

“अक्का, शिकवायला वेळ लागतो.” सरांचा आवाज चढला, कारण इथे त्यांची बाजू खरी होती. “एका केसला मला दोन तास लागतात, त्याला पाच लागतील. बाहेर नव्वद माणसं बसलीत. त्याला शिकवत बसलो तर वीस-पंचवीस जण हात हलवत परत जातील. त्यांच्या तोंडाकडे बघून सांगा, कोणाला परत पाठवू?”

 अक्कांनी पाना पुसून कपड्यावर ठेवला.

“परत पाठवायचं पाप तुम्हाला एकट्याला नको, आपण दोघं मिळून पाठवू,” त्या म्हणाल्या. “पण एक सांगा. तुम्ही पाच दिवस असता. उरलेले तीनशे साठ दिवस इथे कोण असतं? धाकटे डॉक्टर शिकले, आठवड्याला एक जरी केस केली, तरी तुमचा तो फळा पुरायचा नाही. ते पंचवीस जण एक वर्ष नाही थांबणार, पाच-सहा महिने थांबतील. आज जे थांबलेत ते सहा वर्षं थांबलेत, सर.”

“बरं. शिकवतो. पण दुसऱ्या कुणाच्या केसमध्ये. हिच्या नाही. हिच्या बाबतीत माझ्या हातून...” सरांनी कपड्यावरचा पाना उचलला. “ही मलाच करू द्या.”

“म्हणूनच विचारते. तुम्हाला तिचं पाऊल सावरायचंय की तुमचं मन?”

सरांनी पाना परत कपड्यावर ठेवला. कारण खरी गोष्ट हीच होती. त्यांना टिटवीच्या पाठीपेक्षा आपल्या छातीवरचा दगड आधी हलवायचा होता. आपण बिघडवलं, आपणच दुरुस्त करायचं, मग लोक परत हात जोडतील आणि आपण हलकं होऊन गाडीत बसायचं. यातही सगळीकडे आपण आणि आपणच होतो! मुलगी त्यात कुठे होती? आणि नऊ महिने ज्याने त्या नोंदी लिहिल्या तो माणूस कुठे होता?

“तिच्या आईला विचारावं लागेल,” ते शेवटी म्हणाले.

“विचारा की. पण सगळं सांगून विचारा,” अक्का म्हणाल्या.

वॉर्डात टिटवी कुशीवर झोपली होती. तिला पाठ टेकवता येत नव्हती. आई खाटेच्या कडेला बसून एका शाळेच्या शर्टाला बटणं लावत होती. तिने सरांना पाहिलं आणि उठायला लागली. सरांनी तिला बसवलं आणि स्वतः समोरच्या रिकाम्या खाटेवर बसले. सहा वर्षांत ते वॉर्डातल्या खाटेवर पहिल्यांदाच बसत होते.

त्यांनी सांगितलं. टोपण नीट घट्ट झालं नव्हतं, ते बघा म्हणून धाकट्या डॉक्टरांनी सुचवलं होतं, आपण ऐकलं नाही. मग त्यांनी फोन केला, पत्रं पाठवली. पाना आपल्या घरी पडून होता. सांगताना त्यांनी एकदाही ‘पण’ म्हटलं नाही. म्हणायची इच्छा चार वेळा झाली.

आईने दोरा दातांनी तोडला.

“फोन आला तेव्हा तुम्ही काय करत होता, डॉक्टरसाहेब?”

कामात होतो, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं.

“भाषणाला उभा राहणार होतो,” सर म्हणाले. “तुमच्या मुलीच्याच पाठीचा फोटो दाखवणार होतो. पाठ कशी ताठ झाली ते.”

आईने शर्ट मांडीवर पसरला. मागच्या वर्षी घरी गेल्यावर तिने टिटवीला आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही बाजूंना सारख्या मापाचा झगा शिवला होता. आधी एक बाजू सैल ठेवून आत पट्टी लावावी लागायची. तो सारख्या मापाचा झगा तीन महिने अंगावर राहिला. आता परत पट्टी. हे सगळं तिने सांगितलं नाही, हातातला शर्ट नुसता घडी करत राहिली. मग म्हणाली, “मी धाकट्या डॉक्टरांना काय काय बोलले. तुम्हाला काही येत नाही, तर खुर्चीत कशाला बसता म्हणाले. एकदा तर सगळ्या रांगेसमोर. ते नुसते ऐकून घ्यायचे. तुम्हाला फोन केला होता एवढंसुद्धा त्यांनी कधी सांगितलं नाही. तुमचं नाव खाली येऊ दिलं नाही.”

सरांनी मान खाली घातली. नागरिकहो, शिव्या खाऊन माणूस एवढा खजील होत नाही.

“उद्याची केस त्यांनी करावी असं मला वाटतं,” ते म्हणाले. “मी समोर उभा राहून शिकवेन. चूक होऊ देणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर मीच करेन, त्यात राग नाही.”

“परत काही झालं, तर उघडणार कोण?”

“तेच. पाना इथेच राहील.”

आईने मुलीकडे पाहिलं. टिटवी जागी होती, सगळं ऐकत होती.

“मग त्यांनाच करू द्या,” आई म्हणाली. “पण तुम्ही तिथून हलायचं नाही.”

“नाही हलणार.”

“आणि फोटो काढायचा नाही,” टिटवी कुशीवरूनच म्हणाली. दिवसभरात ती एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थिएटरमध्ये धाकटे डॉक्टर टेबलाच्या डाव्या बाजूला, नेहमीच्या जागेवर जाऊन उभे राहिले. अक्कांनी त्यांना डोळ्यांनीच उजवीकडे जायला सांगितलं. सर मुकाट्याने डावीकडे आले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि शहाण्या माणसासारखं आपल्या यंत्रात डोकं घातलं.

सरांनी आकडी हातात घेतली. वीस वर्षांत घेतली नव्हती. पहिली दहा मिनिटं काही वाटलं नाही. अर्ध्या तासाने मनगट भरून आलं, मग खांदा. जखमेच्या कडा हलू न देता, स्वतः न हलता, दुसऱ्याच्या हाताकडे बघत राहायचं. पाऊण तासाने त्यांच्या कपाळावर घाम आला. हा माणूस दर वर्षी पाच दिवस, रोज बारा-बारा तास असा उभा राहायचा आणि आपण त्याला ‘नीट धर रे’ म्हणायचो, हे त्यांना आठवलं. खांद्यापेक्षा तेच जास्त दुखलं.

धाकट्या डॉक्टरांचा हात सुरुवातीला फार सावकाश चालत होता. सरांचा उजवा हात तीनदा आपोआप पुढे गेला, आणि तिन्ही वेळा अक्कांनी त्या हातात गुपचूप कापसाची घडी ठेवली. तिसऱ्यांदा सरांना स्वतःचंच हसू आलं. मग ते बोलायला लागले. टोक कुठे टेकवायचं, हाडाचा कठीणपणा बोटाला कसा लागतो, तो लागेनासा झाला की थांबायचं. हे त्यांनी अकरा सभागृहांत सांगितलं होतं आणि ज्याला ऐकायची गरज होती त्याला कधी सांगितलं नव्हतं.

ढिला स्क्रू निघाला. त्याच्या शेजारी नस दिसली. फिकट, घासून चपटी झालेली. धाकटे डॉक्टर थांबले. सरही बघत राहिले. तुटली नव्हती. पण तिसऱ्या महिन्यात उघडलं असतं तर ही नस अशी दिसली नसती, हे त्या दोघांनाही कळत होतं आणि दोघांपैकी एकच जण त्याला जबाबदार होता.

नवा, जाड स्क्रू बसला. सळई जागेवर आली. धाकट्या डॉक्टरांनी काळ्या मुठीचा पाना घेतला, टोपण पिळलं, आणखी एकदा पिळलं. सरांना दोन तास लागले असते तिथे साडेचार तास लागले होते. टाके घालायची वेळ आली तसे धाकटे डॉक्टर थांबले आणि सवयीने विचारायला गेले, “सर, खालचं टोपण...”

“बघ,” सर म्हणाले. “सगळी परत एकदा बघ. मी थांबलोय.”

त्या शिबिरात एकतीसच्या जागी नऊ शस्त्रक्रिया झाल्या. नऊही धाकट्या डॉक्टरांच्या हातून. बाकीच्यांना सर आणि अक्का स्वतः जाऊन भेटले. काहींनी समजून घेतलं, काही रागावून गेले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर सरांच्या तोंडावर सांगितलं, की मी तुमच्यासाठी एवढ्या लांबून आलो, या धाकट्यासाठी नाही. सरांना आधी हे ऐकून बरं वाटायचं. या वेळी वाटलं नाही.

शेवटच्या दिवशी पायऱ्यांवर फोटो झाला नाही. दोन माणसं पेटी उचलायला आली, त्यांना अक्कांनी परत पाठवलं. मोठे सर हातात एक बॅग घेऊन गाडीत बसले. हलकं मात्र वाटत नव्हतं.

दीड महिन्याने धाकट्या डॉक्टरांचा फोन आला. टिटवीच्या डाव्या पायाचा अंगठा हलला होता. सर बराच वेळ फोन कानाला लावून बसले, पलीकडचं बोलणं संपलं तरी. त्यानंतर आणखी एका सभागृहात बोलावणं आलं. तिथे त्यांनी पाठीचा फोटो दाखवला नाही. केस पेपरवरच्या नोंदी, टिटवीच्या आईला विचारून, वाचून दाखवल्या. ‘वाट पाहणे’ पाच वेळा वाचलं. टाळ्या झाल्या नाहीत, पण नंतर दोन डॉक्टर शेजारी येऊन हळूच म्हणाले, की आमचीही एक पेटी आहे.

वर्षाच्या मध्यावर एकदा धाकट्या डॉक्टरांनी असाच फोन केला. कुणाचा तरी एक स्क्रू हलला होता. सर घाईने म्हणाले, “थांब, मी निघतो, उद्या सकाळपर्यंत...”

“नाही सर, काल केला घट्ट. नुसतं सांगायला फोन केला,” धाकटे डॉक्टर म्हणाले. “ठेवतो, लोक थांबलेत.”

आता लोक त्यांच्यासाठी थांबले होते. फोन ठेवल्यावर सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचं होतं की कशाचं, हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं.

पुढच्या वर्षी ते आले तेव्हा फळ्यावर आकडा नव्हता. अक्कांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पाना : डावं कपाट, दुसरा कप्पा. किल्ली : धाकटे डॉक्टर.’ तपासणीच्या खोलीबाहेर मोठी रांग होती, आणि ती मोठ्या सरांसाठी नव्हती.

मंडळी, मदत करायला धावून जाणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं मोल कुणी कमी करू नये. पण आपण निघून गेल्यावर त्या जागी काय उरतं, हे ज्याने वळून पाहिलं नाही त्याची मदत अर्धीच. देणाऱ्याने आपलं कसब मागे ठेवून यावं, आणि घेणाऱ्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, आपल्या शेजारच्या माणसाला शिकायची संधी द्यावी, त्याच्या हातावर थोडा विश्वास टाकावा. नुसतं मोठ्यांची वाट बघत बसण्यात कुणाचं तरी पाऊल जातं.

टिटवीचं पाऊल बरंचसं आलं. पाठ ताठ आहे, आई सारख्या मापाचे झगे शिवते, आणि तोंड परत सुरू झालंय. पुढच्या वर्षी सर आले त्या सकाळी ती इस्पितळाच्या पोर्चपासून तपासणीच्या खोलीपर्यंत सरांबरोबर बोलत बोलत चालली. शाळेतल्या बाईंबद्दल, मैत्रिणीशी झालेल्या भांडणाबद्दल, श्वास न घेता. सर हसून ऐकत होते. पण लांब चालून दमली की तिचं डावं पाऊल अजून सैल पडतं. खोलीपाशी पोचता पोचता ते एकदा वाजलं. फट्ट. तिचं बोलणं थांबलं नाही, तिला त्याची सवय झाली आहे. सरांना झालेली नाही.